सुईचा कॉम्प्युटर

परवा माझ्या नातीने माझा फोन हातात घेतला आणि नाक मुरडलं. "आजी, काय हे! ताई, ताई दुसरी, ताई पुण्याची, नको उचलू... असं कुणी नाव सेव्ह करतं का?" मग अख्खी दुपार खर्चून तिने आमच्या सगळ्या गोतावळ्याला शिस्त लावली. नाव, आडनाव, नंबर, वाढदिवस, फोटो. बोट फिरवलं की माणसं वरखाली पळायला लागली. मी म्हटलं, "छानच झालं. पण यातलं डावरं कोण आहे, ते कुठे लिहायचं?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. आजी गेली कामातून, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "त्याने काय होतं?" असं तिने विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला थांबली नाही. तेव्हा ते इथे लिहिते.

साठचं दशक संपता संपता आमच्या ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली. भवानीपूरच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ट्रंका अजून उघडायच्या होत्या, स्टोव्ह कुठल्या पेटीत आहे तेही आठवत नव्हतं, इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि एक गृहस्थ थेट आत आले. बंगाली पद्धतीने नेसलेलं धोतर, वर कोट, डोक्याला माकडटोपी आणि खांद्याला किराण्याची असावी तशी कॅनव्हासची पिशवी.

"मराठी ना? बसा," ते आम्हालाच म्हणाले.

आम्ही आमच्याच घरात आमच्याच ट्रंकेवर बसलो. त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढलं आणि विचारायला सुरुवात केली. नाव, गाव, वय हे ठीक होतं. मग म्हणाले, "पोहता येतं? गाता येतं? तंबाखू? आमटीत गूळ की साखर? डावरे की उजवे?" आमचे हे बिचारे बँकेतल्यासारखी इमानाने उत्तरं देत होते. मला मात्र राग आला. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात तरी कोण?"

"मी काका," ते म्हणाले. जणू यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

ते गेल्यावर हे हळूच म्हणाले, "हेर असेल का गं?" मी म्हटलं, "हेराला आपल्या आमटीशी काय करायचंय!"

काका कलकत्त्यातच जन्मले. त्यांचे आजोबा कधी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. काका एका सरकारी आकडेवारीच्या कचेरीत होते. तिथे नवीनच कॉम्प्युटर आला होता. म्हणजे एक अख्खी थंड केलेली खोली आणि तिच्यात कपाटंच्या कपाटं. त्या वेळी कलकत्त्यात कॉम्प्युटरचं नाव काढलं की लोक चिडायचे, नोकऱ्या खाणारा राक्षस म्हणायचे. काका मात्र त्याच्यावर लट्टू होते. "यंत्राला तुमचं नाव कळत नाही, घराणं कळत नाही, त्याला फक्त भोक कळतं. भोक आहे की नाही, एवढंच. केवढा न्यायी प्राणी!" असं ते म्हणायचे. कचेरीतल्या यंत्राला कुणी हात लावू देईना, म्हणून त्यांनी घरीच एक केलं होतं.

ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि काकूंची विणकामाची सुई, बस्स. डब्यात जाड कार्डं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, मधोमध पत्ता नि इतर माहिती आणि चारी कडांना ओळीने भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. मग गठ्ठा उभा धरून त्या भोकातून सुई घालायची आणि वर उचलायची. 'नाही' वाली सुईला लटकून राहायची, 'हो' वाली खाली पडायची.

"बघ हं. गाणारी माणसं!" असं म्हणून काका सुई उचलायचे आणि चार-सहा कार्डं टपटप टेबलावर पडायची. मंडळाच्या गणपतीत पेटीवाला हवा असला, कुणाला आसनसोलला उतरायला घर हवं असलं की माणसं काकांकडे यायची. काका सुई उचलायचे आणि माणूस पडायचा. काकूंचा स्वेटर मात्र वर्षानुवर्षं एका बाहीचाच राहिला होता, कारण सुई कायम डब्यात असायची.

मासे खाण्याचंही एक भोक होतं. ते एकदम कोपऱ्यात होतं आणि त्याची खाच काका कुणापुढे पाडत नसत. कलकत्त्यात दोन हिवाळे काढलेल्या पुष्कळ सोवळ्या घरांची अब्रू त्या कोपऱ्यात होती. काका स्वतः हिल्सा खायचे आणि हात धुऊन संध्या करायचे. फोर्ट विल्यममध्ये आलेल्या एका मराठी कॅप्टनने आपली कसलीच माहिती द्यायला साफ नकार दिला, तेव्हा काका त्याला म्हणाले, "साहेब, तुमच्या तोफा किती ते मला नको. भाकरी थापणारं माणूस घरात आहे की नाही एवढंच सांगा." तो कॅप्टन पुढे दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी भाकरी खायला यायचा.

हे वेड त्यांना कशामुळे लागलं, ते काकूंनी मला सांगितलं. पुण्याच्या कुणी मंडळींनी त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता. मोठा जाडजूड ग्रंथ. काकांनी मोठ्या उत्साहाने मागवला आणि आपली शाखा शोधली. आजोबांच्या नावापुढे एकच ओळ होती: 'कलकत्त्यास गेले. पुढील माहिती मिळत नाही.'

"मिळत नाही म्हणजे?" काका भडकले. "मी इथे धडधडीत बसलोय!" त्यांनी पत्र पाठवलं. उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, मुलग्यांची नावं कळवा. काकांना दोन मुली. मुली घेत नाही, म्हणून शाखा निर्वंश दाखवावी लागेल, असं पुण्याहून नम्रपणे कळवण्यात आलं. दोन मुली दोन खोल्यांत भांडत होत्या, एक बंगालीतून आणि दुसरी निम्म्या मराठीतून, आणि बाप हातात 'निर्वंश' धरून बसला होता. त्या दिवशी काकांनी बिस्किटांचा डबा रिकामा केला, बिस्किटं मुलींना दिली आणि जाहीर केलं की आपल्या डब्यात प्रत्येक माणसाला कार्ड मिळेल. बाईला वेगळं, पोरीला वेगळं. कुणाचीही माहिती 'मिळत नाही' असं होणार नाही. याचा त्यांना फार अभिमान होता.

आणि डावऱ्यांचं भोक का? तर काका स्वतः डावरे. शाळेत त्यांच्या डाव्या हातावर पट्ट्या बसल्या होत्या आणि मुंजीत भटजींनी तो हात पाठीमागे धरून ठेवायला लावला होता. "माझ्यासारखे किती आहेत ते मला कळायला हवं," म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून पिकायचा आहे, थंडीत ऑपरेशन करू. त्या वेळी हे ऑपरेशन म्हणजे डोळ्यांना पट्ट्या बांधून कित्येक दिवस मान न हलवता पडून राहायचं. दृष्टी येईल अशी हमी कुणी देत नसे. सासूबाई तशा खमक्या. माझा चहा सकाळी जरा उशिरा झाला तरी आख्ख्या गल्लीला कळायचं. पण डॉक्टरकडून आल्यापासून गप्प गप्प असायच्या.

काका त्यांचं कार्ड भरायला आले. मी मनात म्हटलं, आता बघा गंमत, आज काकांना जिना दाखवला जाणार. पण बाई शांतपणे उत्तरं देत होत्या.

"भावंडं?"

"एक बहीण. धाकटी. होती."

"गेल्या?"

"नाही. म्हणजे... माहीत नाही."

काकांची पेन्सिल थांबली. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारणं म्हणजे बैलाला टोचणं होतं.

मग सासूबाईंनी जे सांगितलं ते मी त्यांची सून असून मला ठाऊक नव्हतं, आणि ह्यांनाही नव्हतं. राजापूरजवळच्या खेड्यात दोघी वाढल्या. धाकटी मथुरा, म्हणजे मथू. लग्न लवकर झालं, नवरा वर्षा-दोन वर्षांत गेला, ती माहेरी परत आली. काही वर्षांनी एका शाळामास्तरने तिच्याशी पुनर्विवाह केला, दूर कुठल्या गावी जाऊन. वडिलांनी तिच्या नावाने आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. सासूबाई तेव्हा सासरी होत्या. मास्तरचं आडनावही त्यांना कुणी सांगितलं नाही.

"डोळे जायच्या आत एकदा दिसली असती तर," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही लिहा पुढचं."

काकांनी पुढचं लिहिलंच नाही. "शोधतो," म्हणाले.

"कशी शोधणार? पहिल्या सासरी तिचं नाव सरस्वती ठेवलं होतं, दुसऱ्या घरी काय ठेवलं कुणास ठाऊक. आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही."

"नाव, आडनाव, गाव नको मला. जे लग्नात बदलत नाही असं काही सांगा."

सासूबाई विचार करून म्हणाल्या, "डावरी होती. वाढताना डावा हात पुढे करायची आणि आईचा मार खायची."

काकांचा चेहरा असा खुलला की मला त्यांचा राग यायचा तो त्या क्षणी गेला. "की शौभाग्य!" ते बंगालीत ओरडले. "चला माझ्या घरी. आत्ता."

तोवर त्यांच्या डब्याचे पाच डबे झाले होते. नागपूर, इंदूर, जबलपूर, जमशेदपूर, कुठून कुठून पत्रांतून माहिती मागवून त्यांनी कार्डं भरली होती. काकांनी बायकांचा गठ्ठा वेगळा केला. मग वयाच्या भोकातून सुई घातली, सासूबाईंच्या आगेमागे वयाच्या बायका खाली पडल्या. त्यांचा गठ्ठा उचलून त्यांनी डावऱ्यांच्या भोकातून सुई घातली आणि वर उचलली.

सासूबाईंना नीट दिसत नव्हतं. त्या मांडीवर हात ठेवून कान देऊन बसल्या होत्या. सगळी कार्डं सुईला लटकून राहिली.

"पडलं का काही?" त्यांनी विचारलं.

काकांनी सुई हलवली. झटकली. "नाही," म्हणाले. त्यांना इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

पोळ्या लाटता लाटता काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या साताऱ्याच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "इतक्या बायका आणि एकही डावरी नाही? असं कसं होईल? आमच्या आळीतच डाव्या हाताने सडा घालणाऱ्या कितीतरी होत्या. माझं कार्ड बघू जरा."

"तुझं कशाला?"

"बघू म्हणते ना."

स्वतःचं कार्ड त्यांनी पहिल्यांदाच हातात धरलं होतं. पिठाच्या बोटांनी लांब धरून वाचू लागल्या. "आवडती भाजी दुधी. दुधी? मला? दुधी तुम्हाला आवडतो म्हणून मी करते!" मग एका भोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कसलं?"

"गाण्याचं."

"खाच नाही याला."

"तू कुठे गातेस?"

"हे कार्ड कुणी भरलं?"

"मी," काका म्हणाले.

काकूंनी लाटणं ओट्यावर ठेवलं, पदराने हात पुसले आणि तिथेच उभ्या राहून भूपाळी म्हटली. तीही नुसती एखादी ओळ नाही, अख्खी. आवाज थोडा फाटला होता, पण सूर एकदाही हलला नाही. लग्नाआधी त्या देवळात म्हणायच्या. इथे आल्यावर सासऱ्यांना आवडत नव्हतं म्हणून बंद केलं, ते बंदच राहिलं. संपल्यावर म्हणाल्या, "विचारलंत कधी?" आणि आत गेल्या. पोळी करपल्याचा वास येत होता.

काकांनी कात्री घेतली आणि काकूंच्या कार्डाला खाच पाडली. मग डब्यांकडे बघत बसले. बायकांना वेगळी कार्डं दिली याचा एवढा डौल, आणि माहिती मागवणारं प्रत्येक पत्र मात्र त्यांनी 'श्रीयुत' म्हणून घराच्या कर्त्याला पाठवलं होतं. नवऱ्यांनी बायकांची कार्डं भरली होती, मुलांनी आयांची. डावरी बायको म्हणजे जरा उणंच, मग कोण कबूल करणार? आणि पुष्कळांना ठाऊकही नसणार.

"पुण्याची मंडळी बरी म्हणायची," काका म्हणाले. "ती निदान माहिती मिळत नाही असं खरं तरी लिहितात."

मला वाटलं, आता हा माणूस डबे गल्लीत फेकून देणार. दुसऱ्या दिवशी पाहते तर काकांनी पोस्टातून जबाबी कार्डांचा गठ्ठा विकत आणला होता. पत्राला जोडूनच उत्तराचं कोरं कार्ड असायचं तशी. आता प्रत्येक कार्ड बाईच्या नावाने. खाली काकांनी लिहिलं होतं: 'हे ज्यांचे त्यांनीच भरावे. कोणत्याही हाताने चालेल.' पत्ते घालायला मी आणि काकू बसलो. काकू लिहिता लिहिता गुणगुणत होत्या आणि काका कान टवकारून ऐकत असूनही ऐकत नसल्यासारखं करत होते.

यावरून मंडळात काय गदारोळ झाला म्हणून सांगू! परक्या पुरुषाने आपल्या बायकांना थेट पत्र पाठवलं, त्यात त्यांना काय आवडतं ते विचारलं, आणि उत्तराचे पैसेही आधीच भरले. एक गृहस्थ तणतणत काकांच्या घरी आले. "माझ्या बायकोला पत्र लिहिणारे तुम्ही कोण?"

काका म्हणाले, "तुमचं कार्ड वेगळं आहे. त्यात काही बदल करायचा आहे का?"

आणि उत्तरं यायला लागली. आसनसोलच्या एका बाईने लिहिलं, मला सायकल येते, दुपारी नोकराची चालवते. एकीने फक्त आपलं माहेरचं पूर्ण नाव सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, बाकी सगळं कोरं. एकीने लिहिलं, मला पुरणपोळी आवडत नाही, कृपया हे आमच्याकडे कळवू नये. काका खाचा पाडत होते आणि मध्येच चष्मा काढून पुसत होते. डावऱ्याही निघाल्या, चांगल्या पुष्कळ निघाल्या. पण कुणी वऱ्हाडची, कुणी बेळगावची. राजापूरची एकही नाही. थंडी पडायला लागली होती आणि सासूबाई रोज टपालाच्या वेळी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. विचारायच्या काही नाहीत.

मग एका दुपारी काका आले. पिशवीत एकच गठ्ठा होता. सासूबाईंना समोर बसवलं. सरळ सांगून टाकायचं सोडून त्यांनी काकूंची सुई काढली, डावऱ्यांच्या भोकातून घातली आणि वर उचलली. एक कार्ड टप्पकन पडलं. सासूबाईंनी तो आवाज ऐकला.

"बजबज," काका म्हणाले.

म्हणजे लोकलने तासाभराचा रस्ता. तिथल्या तेलाच्या डेपोत एक मराठी तरुण नोकरीला होता. काका वर्षापूर्वीच त्याला जाऊन भेटले होते आणि फाटकाजवळच्या चहाच्या दुकानात उभ्या उभ्या त्याने घराची माहिती दिली होती. वडील वारले, आई शांता, तिच्या माहेरचं कुणी नाही, डावरी नाही. ते कार्ड तेव्हापासून डब्यात होतं. पहिल्या दिवशी सुईला लटकून राहिलेल्या कार्डांत तेही होतं. आता त्याच बाईचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं उत्तर आलं होतं. अक्षरं उलटीकडे कललेली.

मी वाचून दाखवलं. 'जन्मगाव' पुढे राजापूरजवळच्या त्या खेड्याचं नाव होतं. 'डावऱ्या का' पुढे लिहिलं होतं, 'होते. आता एकटी जेवायला बसते तेव्हाच.' आणि 'माहेर' पुढे, 'विचारू नये.'

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "कधी निघायचं?"

"आधी कळवायला नको का?" मी म्हटलं.

"कळवलं तर नको म्हणेल," त्या म्हणाल्या. "मी ओळखते तिला."

दुसऱ्याच दिवशी काका, सासूबाई आणि मी लोकलने बजबजला गेलो. डेपोच्या चाळवजा क्वार्टर्स होत्या, सगळीकडे रॉकेलचा वास. काकांनी दार वाजवलं. पांढरं लुगडं नेसलेल्या एका सडपातळ बाईने दार उघडलं.

"मथू?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना समोर फक्त काहीतरी पांढरं दिसत असणार.

ती बाई हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे मथू कुणी नाही. तुम्ही चुकलात."

काकांनी कार्ड काढायला पिशवीत हात घातला. मी त्यांचा कोट धरून मागे ओढला.

"आत येऊ का?" सासूबाईंनी विचारलं.

"कशाला? तुम्ही सगळ्यांनी आंघोळ केलीत ना माझ्या नावाने?"

मला वाटलं, संपलं. आता परतीची गाडी. सासूबाईंनी दाराच्या चौकटीला हात लावला. "मी नाही केली," त्या म्हणाल्या. "सासरी निरोप आला तेव्हा मामंजी म्हणाले, विहिरीवर जा आणि आंघोळ करून ये. गेले. दोन घागरी ओढल्या आणि कट्ट्यावर ओतल्या. अंगावर थेंब घेतला नाही. नेसूची साडी सोडली, ती भिजवली, पिळली, तीच पुन्हा गुंडाळली आणि घरात आले. डोकं ओलं दिसावं म्हणून पदर ओढून घेतला. कुणाला कळलं नाही. तुझ्या नावाने मी आंघोळ केलेली नाही, मथे."

पलीकडे कुणाच्या तरी घरात कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता.

"कुठली साडी?" ती बाई म्हणाली.

"जांभळी. इरकली."

"आईने दिलेली?"

"हो."

"तिचा रंग जायचा."

"गेला की. सगळा गेला."

ती बाई पुढे आली आणि तिने सासूबाईंचा दंड धरला. "उंबरा उंच आहे," म्हणाली. "पाय उचल, अक्का." मग मात्र दोघींना रडू आवरेना. मला तर आधीपासूनच आवरत नव्हतं. काका तोंड फिरवून तेलाच्या टाक्या बघत उभे राहिले.

जेवणं झाली. मावशींचा मुलगा कामावरून आला आणि आपल्या आईला बहीण आहे हे ऐकून वेड्यासारखा बघत बसला. निघताना काकांना राहवलं नाही. गेला तासभर ते गप्प होते, म्हणजे त्यांच्या मानाने तपश्चर्याच. पेन्सिल काढून म्हणाले, "एवढं एकच राहिलंय. माहेर. काय लिहू?"

"राहू दे मोकळं," मावशी म्हणाल्या. "आईबाबा गेले, घर पडलं. कुठलं आता माहेर?"

"मोकळं का?" सासूबाई एकदम त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "लिहा." आणि त्यांनी आमच्या भवानीपूरच्या घराचा पत्ता सांगितला.

काकांच्या आतला आकडेवारीवाला जागा झाला. "पण वहिनी, ते भाड्याचं घर. तुमच्या मुलाची तीन वर्षांत बदली होणार."

"मग खोडायचं आणि नवीन लिहायचं. दुसरं काम काय आहे तुम्हाला?"

तसंच झालं. पुढे आमच्या बदल्या झाल्या, एकदा नव्हे, पुष्कळदा. सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्या माझ्या भांड्यांवरचे डाग पुन्हा शोधू लागल्या. दर बदलीला नव्या गावात पोचलो की त्यांचं पहिलं पत्र बजबजला आणि दुसरं काकांना जायचं. काकांचं उत्तर दोन शब्दांचं असायचं: 'खोडलं. लिहिलं.'

पण मला काका आठवतात ते ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातले. मावशी पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सकाळी मी लगबगीने उठून स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई माझ्या आधीच स्टोव्हपाशी बसलेल्या, चाचपडत आलं किसत होत्या. मी हात पुढे केला तर तो त्यांनी बाजूला सारला. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. काका कार्ड, कात्री आणि सुई घेऊन दारात आले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुठे आहेत मथुराबाई? गाण्याचं विचारायचं राहिलंय!"

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," त्या म्हणाल्या. "झोपली आहे ती. माहेरी आली आहे."

काकांनी माकडटोपी काढली, पाय न वाजवता मागे सरकले, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकून मावशी उठायची वाट बघत बसले.